मिरचीची पानं वळतायत? बाटली उघडायच्या आधी भिंग घ्या (10 एक्स आणि 60 एक्स, दोन्ही वापरून)

भिंगं घेऊन चार महिने झाले, आता त्यांच्याबद्दल लिहायला हरकत नाही. दोन आहेत. एक घडीचं 10 एक्स, म्हणजे 10 पट मोठं दाखवणारं, ट्रिपलेट म्हणतात ते, म्हणजे आत तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात, सराफ हिरा बघायला डोळ्याला लावतात तसलं. दुसरं 30 एक्स आणि 60 एक्स असं लिहिलेलं, छोटा एलईडी दिवा असलेलं. दोन्ही घेतली ती घरात लाइटखाली वाढवलेल्या मिरचीची पानं वळायला लागली म्हणून, आणि खरं सांगते, ही तीन आठवडे आधी घेतली असती तर एक झाड वाचलं असतं.

झालं असं की शेल्फवर पाच कुंड्या, वर पांढरा ग्रो लाइट, रोज 14 तास चालू, झाडं मस्त, कळ्या धरायला लागलेल्या, आणि कोपऱ्यातल्या झाडाच्या शेंड्याची पानं अचानक अरुंद यायला लागली. मग कडा खाली वळल्या, उलट्या होडीसारख्या, पानाचा देठ लांबलेला, मागची बाजू थोडी तपकिरी आणि चकचकीत. मी ठरवून टाकलं की कॅल्शियम कमी पडलंय. नवीन पान वाकडं आलं की सगळे हेच सांगतात आणि त्यात तथ्यही आहे, कारण कॅल्शियम झाडात फक्त पाण्याबरोबर वर चढतं, एकदा जुन्या पानात गेलं की तिथून निघून नव्या पानाकडे जात नाही, त्यामुळे कमतरता आधी शेंड्याला दिसते. म्हणून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बाटली आणली, दोन आठवडे दिलं, काही फरक नाही. मग वाटलं पाणी जास्त होतंय, तर पाणी तोडलं, तेव्हा कळ्या गळल्या. एवढ्यात शेजारच्या झाडाचा शेंडा पण तसाच व्हायला लागला. कमतरता एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत चालत जात नाही, हे तेव्हा डोक्यात आलं आणि भिंग मागवलं.

10 एक्स आलं त्याच दिवशी शेंड्याचं एक कोवळं पान तोडून उलटं करून बघितलं. सुरुवातीला काहीच नाही, फक्त शिरा आणि लव. मग मधल्या शिरेजवळ काचेसारखा एक थेंब हलला. थेंब कधी चालत नाही! नीट बघितल्यावर असे बरेच होते, पिवळट पारदर्शक, आणि त्यातला एकजण पाठीवर दुसऱ्याला आडवं घेऊन पळत होता. हे वर्णन जुळवायला वेळ लागला नाही, कारण लाल कोळी (पानावरची तशीच एक बारीक कीड) जाळं करतो तसं इथे जाळं नव्हतं आणि ते पाठीवर घेऊन जाणं ही त्या किडीची खूणच आहे. पिवळा कोळी, इंग्रजीत ब्रॉड माइट, शास्त्रीय नाव पॉलिफॅगोटार्सोनेमस लेटस. नर हा अजून पूर्ण न वाढलेल्या मादीला उचलून नव्या कोवळ्या पानावर नेतो, म्हणून सगळी गर्दी शेंड्यात. मादी जेमतेम 0.2 मिमी. नुसत्या डोळ्यांनी मी तीन आठवडे रोज पान उलटंसुलटं करत होते, पण दिसण्याची शक्यताच नव्हती.

मग 60 एक्सवाल्यात अंडी बघितली. ही मात्र बघण्यासारखी गोष्ट आहे, लांबट पारदर्शक अंडं आणि त्यावर ओळीने पांढरे ठिपके, जणू कोणी बसून रांगोळीचे ठिपके काढलेत. दुसऱ्या कुठल्या नेहमीच्या किडीचं अंडं असं दिसत नाही, त्यामुळे हे दिसलं की शंका संपली. 10 एक्सवर अंडं म्हणजे फक्त एक चमकणारा कण वाटतो, ठिपके कळत नाहीत.

आता भिंगांबद्दल, कारण रिव्ह्यू त्यांचा आहे.

10 एक्सवालं रोजच्या वापराचं. त्याची काच पानापासून साधारण 25 मिमीवर धरली की चित्र स्पष्ट होतं, म्हणजे मध्ये बोट जाईल एवढी जागा राहते, उजेड आत येतो, पान झाडावरच ठेवून बघता येतं. कडेपर्यंत चित्र सरळ आणि रंगांची झालर दिसत नाही, हा तीन काचांचा फायदा आहे, साध्या एका काचेच्या 10 एक्समध्ये कडेला सगळं धुरकट होतं आणि निळी-पिवळी रेघ दिसते. वापरायची पद्धत मात्र शिकावी लागते, मला कोणी सांगितली नव्हती म्हणून सुरुवातीला बराच वेळ वाया गेला. भिंग पानाजवळ धरून लांबून डोकवायचं नाही. भिंग डोळ्याला अगदी टेकवायचं, हात गालाला टेकवायचा आणि पान हळूहळू जवळ आणायचं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांना लागलेली ठेवायची म्हणजे थरथर एकत्र होते आणि चित्र हलत नाही. दुसरा डोळा उघडाच ठेवा, मिटला की दोन मिनिटांत दुखायला लागतो.

60 एक्सवाल्याबद्दल जरा नाराजी आहे. खोक्यावर 60 लिहिलंय, प्रत्यक्षात 60 नाही. मी मोजलं. पट्टी घेऊन एका डोळ्याने भिंगातून मिलिमीटरच्या रेघा बघायच्या, दुसऱ्या डोळ्याने 25 सेंटीमीटरवर ठेवलेली दुसरी पट्टी, आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर आणायची, मग भिंगातला 1 मिमी बाहेरच्या पट्टीवर किती मिमी भरतो ते वाचायचं. तिथे 60 भरायला हवेत, मला 25 च्या आसपास भरले. तीन-चार वेळा केलं, तेवढंच. 30 वाली बाजू तर 15 च्या पुढे गेली नाही. विचार केला तर लगेच कळतं, खऱ्या 60 एक्सच्या एका काचेला पानापासून साधारण 4 मिमीवर धरावं लागेल आणि काच मण्याएवढी असेल, 21 मिमी रुंदीची काच घेऊन 60 एक्स शक्यच नाही. सतराव्या शतकात लेवेनहुक नावाच्या डच माणसाने एकाच काचेतून 200 पटीच्या वर बघितलं होतं, पण त्याची काच मोहरीच्या दाण्याएवढ्या मापाची होती आणि डोळा जवळजवळ तिला चिकटवून बघावं लागायचं. तेव्हा खोक्यावरचा आकडा बघून घेऊ नका. तरीही मी हे परत केलं नाही, कारण पिवळ्या कोळ्याच्या अंड्यांना 20-25 पट पुरते, आणि तेवढं हे देतं. दिवा कामाचा आहे पण तो सरळ समोरून पडतो आणि चकचकीत पानावर नुसता पांढरा डाग दिसतो, म्हणून मी तो बंद ठेवून टेबल लॅम्प बाजूने आडवा लावते, तिरप्या उजेडात अंडी आणि लव दोन्हींची सावली पडते आणि सगळं उठून दिसतं. बटण सेल सहा आठवड्यांत संपले. दांडीचा स्क्रू सैल झालाय. एकच घ्यायचं असेल तर 10 एक्सचं घ्या, दुसरं नंतर.

आणि एक, जांभळ्या ग्रो लाइटखाली बघू नका. त्यात हिरवं काळपट दिसतं, पिवळं कळतच नाही. तो बंद करून साध्या पांढऱ्या उजेडात बघा.

भिंगाने दुसरं मोठं काम केलं ते म्हणजे नको तिथे औषध मारण्यापासून थांबवलं. तिसऱ्या झाडाच्या पानामागे बारीक काचेचे मणी दिसले, साखरेच्या कणांसारखे. पोटात गोळा आला, म्हटलं हे पण गेलं. 10 एक्सखाली धरलं तर मणी शिरेला लागून, आकार वेगवेगळे, ठिपके नाहीत, आणि सुईने टोचलं तर बोटाला चिकट पाणी. झाडाचाच रस बाहेर येऊन साठलेला. घरातल्या मिरचीत हे खूप होतं आणि लोक माव्याची अंडी समजून औषध मारतात. चौथ्या झाडाला पानामागे खरखरीत फोड होते, ते पण भिंगात बघितल्यावर पानाचाच फुगलेला भाग निघाला, मुळं पाणी ओढतात आणि हवा दमट असल्याने पानातून ते बाहेर जात नाही तेव्हा पेशी फुगतात. तिथे पाणी कमी आणि पंखा चालू, एवढाच उपाय.

पाचवं झाड सगळ्यात उंच होतं, त्याची पानं वर वळली होती, दोन्ही कडा उचलून पन्हाळीसारखी. भिंगात काहीही नाही. कोवळ्या पानात नाही, मागे नाही, पांढऱ्या कागदावर शेंडा आपटून बघितला तर फुलकिडे पण पडले नाहीत. (फुलकिडे असते तरी कडा वरच वळतात, म्हणून हा कागद आपटायचा प्रकार सोडू नका, ते 1 मिमीच्या आसपास असतात आणि कागदावर रेघेसारखे पळताना दिसतात, पानावर चंदेरी चट्टे आणि विष्ठेचे काळे ठिपके पण असतात.) भिंगात काही न दिसणं ही पण माहितीच आहे, हे मला तेव्हा पटलं. मग तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर त्या शेंड्याच्या उंचीवर टांगलं. खोलीत 25 अंश, पण शेंड्यापाशी 30, आणि आर्द्रता 40 टक्के. 25 अंश आणि 60 टक्क्याला हवा पानातलं पाणी जेवढ्या जोराने ओढते, त्याच्या जवळपास दुप्पट 30 अंश आणि 40 टक्क्याला ओढते, हिशोबात सांगायचं तर 1.3 किलोपास्कलच्या जागी 2.5. झाड पान दुमडून उन्हाला दाखवायची जागा कमी करतं, बिचारं दुसरं काय करणार. लाइट वर उचलला, नवीन पानं आठवड्याभरात सपाट आली.

त्या मीटरचं पण एक सांगते, त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. झाकणात मीठ घ्या, पाण्याने फक्त ओलं करा, चिखल होईल इतपत, मीटरबरोबर घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. आत आर्द्रता 75 टक्के व्हायलाच हवी, मिठाचा तो गुणधर्म आहे. माझं मीटर 69 दाखवत होतं, म्हणजे मी आता वाचलेल्या आकड्यात 6 मिळवते. वर जे 40 लिहिलं ते मिळवूनच.

आता मिरचीत पान वळलं की आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द, बोकड्या किंवा चुरडा-मुरडा. शब्द एक, कारणं कितीतरी, आणि उपाय एकमेकांच्या विरुद्ध. म्हणून मी आता भिंग उघडायच्या आधी दोनच प्रश्न विचारते, वळलंय कुठलं पान आणि वळलंय कुठल्या बाजूला. शेंडा खाली वळलाय, पान अरुंद आणि ठिसूळ, तर पिवळा कोळी शोधायचा. शेंडा वर वळलाय तर फुलकिडे किंवा उष्णता. पूर्ण झाडच गळाल्यासारखं, पान जाड आणि देठासकट खाली झुकलंय, कुंडी उचलली तर जड, तर पाणी साचलंय. हा शेवटचा प्रकार फसवा आहे, कारण झाड तहानलेलं वाटतं आणि आपण अजून पाणी घालतो, पण मुळांना हवा न मिळाल्यामुळे पानात इथिलीन नावाचा वायू वाढतो, त्याने देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि पान खाली वळतं, पाण्याची टंचाई तिथे नसतेच. गडद हिरवं पान आणि फक्त टोक नखासारखं खाली वाकलेलं, तर नत्र जास्त झालंय, खत थांबवा. कडा जळालेल्या आणि जुनी पानं आधी, तर पोटॅशकडे किंवा साठलेल्या क्षारांकडे बघा.

भिंगाची मर्यादा पण सांगितली पाहिजे. व्हायरस यात दिसत नाही. पानं बारीक, शिरा जाड, कडा वर, झाड खुजं आणि वाढच थांबलेली, असं असेल आणि पानामागे पांढरी माशी असेल तर तो लीफ कर्ल व्हायरस असू शकतो, आणि त्याला औषध नाही, झाड काढून टाकणं एवढंच. भिंगात पांढऱ्या माशीची चपटी पिल्लं दिसतात, त्यावरून अंदाज बांधता येतो, खात्री नाही. आणि पांढरी माशी नुसता व्हायरसच आणत नाही, पिवळा कोळी तिच्या पायांना धरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. माझ्याकडे तो असाच आला असावा, कारण त्याआधी महिनाभर मी बाहेरून एक रोप आणून सरळ शेल्फवर ठेवलं होतं, ते तपासलं नव्हतं. आता कुठलंही नवीन रोप दोन आठवडे वेगळ्या खोलीत आणि तीनदा भिंगाखाली.

उपचार काय केला ते थोडक्यात. कोपऱ्यातलं झाड उपटून पिशवीत बांधून टाकलं, त्यात शेंडा म्हणून काही उरलंच नव्हतं, ते करताना वाईट वाटलं. शेजारच्याचे सगळे कोवळे शेंडे कापले, कारण कोळी तिथेच राहतो, जुन्या टणक पानात फार जात नाही. मग झाड संध्याकाळी घराबाहेर नेऊन पाण्यात विरघळणारं गंधक, 80 टक्केवालं, लिटरला 2 ग्रॅम, पानांच्या खालून. बंद खोलीत गंधक फवारू नका, तोंडाला मास्क लावा, 32 अंशाच्या वर तापमान असेल तर पान भाजतं, आणि कडुनिंबाचं किंवा कुठलंही तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर गंधक आणि तेल मिळून झाड जाळतात. पिशवीवर लिहिलेलं प्रमाण वेगळं असेल तर तेच पाळा. पाच दिवसांनी परत, मग अजून एकदा, कारण अंडी गंधकाने नीट मरत नाहीत आणि उबेत दोन-तीन दिवसांत फुटतात. मावा-तुडतुड्यावर मारतात ते इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक या कोळ्यावर चालत नाही, हा कीटकच नाही, आठ पायांचा आहे, घरात जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या गटातला.

भिंग इथे परत कामाला आलं. कारण फवारणीनंतर पण दोन आठवडे नवीन पानं थोडी वाकडीच येत होती आणि मी चौथी फवारणी करणार होते. कोळ्याच्या लाळेचा परिणाम कोळी मेल्यावर पण काही दिवस राहतो, आधी चावलेला कोंब वाकडाच उमलतो. म्हणून पानाकडे न बघता भिंगात बघितलं, सहा शेंडे, एकही जिवंत नाही, अंड्यांची फक्त रिकामी टरफलं. बाटली परत ठेवली. पुढच्या आठवड्यात पहिलं सरळ पान आलं, एवढं लहान, बोटाच्या पेरापेक्षा बारीक, पण कडा अगदी सपाट. वळलेली जुनी पानं सरळ होत नाहीत, त्यांची वाट बघू नका.

फोनच्या कॅमेऱ्यावर 10 एक्स धरून फोटो पण चांगले येतात, भिंग लेन्सला टेकवायचं, फोन पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवायचा आणि पान खालून वर आणायचं, हाताने धरून जमत नाही. कोळी हलतो म्हणून फोटोपेक्षा व्हिडिओ घ्या, फोटोत तो काचेचा कण वाटतो आणि ज्याला दाखवाल तो म्हणतो की पाण्याचा थेंब आहे.

10 एक्सला पाचातले पाच. 60 लिहिलेल्याला तीन, त्यातले दोन अंड्यांसाठी. भिंग गंधकाच्या हाताने धरू नका, काचेवर पिवळा थर बसतो आणि कोरड्या फडक्याने पुसलं तर ओरखडे उठतात, माझ्या दुसऱ्या भिंगावर उठलेत. आधी फुंकर, मग चष्म्याचं ओलं कापड. घडी मिटून ठेवा, पाणी घालताना खिशात असू द्या, मी रोज एका झाडाचे दोन शेंडे बघते, दोन मिनिटं लागतात.